खातं ज्याचं, पासवर्ड त्याचाच: सीमाभागातल्या घरांसाठी ऑनलाइन खात्यांची निगा

आपल्याकडच्या घरांत मोबाइल नंबरांचा एक वेगळाच गुंता असतो. वडील निपाणीत, त्यांच्याकडं कर्नाटकातलं सिम. मुलगा पुण्याला कामाला, त्याच्याकडं महाराष्ट्रातलं. आईच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा, बँकेत दिलेला नंबर वडिलांचा, आणि कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचा अर्ज भरताना ओटीपी कुठल्या नंबरवर आला होता हे आता कुणालाच आठवत नाही. ईमेल आयडी तर झेरॉक्सच्या दुकानात काढून घेतलेला. अशा घरात नुसता पासवर्ड अवघड करून काही साधत नाही. 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर बोट ठेवलं की ओटीपी ज्याच्या हातातल्या फोनवर पडतो, खरं तर खातं त्याच्याच ताब्यात असतं. म्हणून नंबरापासून सुरुवात करू. पासवर्डकडं त्यानंतर वळू.

आधी नंबरांची यादी

गणपतीला किंवा दिवाळीला घरातली सगळी माणसं एकत्र आली की एक वही घेऊन बसा. प्रत्येक खात्यापुढं तीन गोष्टी लिहा: कुठला नंबर जोडलाय, तो फोन सध्या कुणाच्या हातात आहे, आणि सिम कुणाच्या नावावर आहे. आधार, प्रत्येक बँक, ईमेल, व्हॉट्सॲप, डिजिलॉकर, रेशनकार्ड, गृहलक्ष्मी, शेतकऱ्यांच्या नोंदणीचं फ्रूट्स पोर्टल, मुलांचं स्कॉलरशिप पोर्टल, एवढी खाती बहुतेक घरांत निघतातच. लिहिता लिहिता एखादा असा नंबर हमखास सापडतो, जो बंद होऊन वर्ष उलटलंय आणि बँकेत मात्र अजून तोच आहे.

हा सगळ्यात मोठा धोका. बंद पडलेला नंबर कंपनी किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. २०२३ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं सर्वोच्च न्यायालयातही हेच सांगितलं होतं. म्हणजे पुण्याची नोकरी सोडून गावी आलात, जुन्या सिमला रिचार्ज मारला नाहीत, तर काही महिन्यांनी तो नंबर कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात असू शकतो आणि तुमच्या ईमेलचा किंवा बँकेचा ओटीपी त्याच्या फोनवर वाजू शकतो. तो माणूस सज्जन असला तर नशीब.

त्यामुळं नंबर सोडायच्या आधी प्रत्येक खात्यातून तो काढून नवा घालायचा, जुन्या नंबरवरचं व्हॉट्सॲप अकाउंट ॲपमधूनच डिलीट करायचं किंवा 'चेंज नंबर' वापरून नव्या नंबरवर न्यायचं, आणि मगच सिम बाजूला ठेवायचं. खरं तर नंबर सोडायची गरजही नसते. जुलै २०१५ पासून देशभर कुठल्याही राज्यात तोच नंबर पोर्ट करून नेता येतो. महाराष्ट्रातला नंबर तसाच ठेवून कर्नाटकातलं कनेक्शन घेता येतं, हे आपल्याकडं पुष्कळांना माहीत नाही.

यादी झाल्यावर संचार साथी या सरकारी पोर्टलवर जाऊन आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. एका व्यक्तीच्या नावावर साधारणपणे ९ पर्यंत सिम असू शकतात. यादीत अनोळखी नंबर दिसला तर 'हा माझा नंबर नाही' अशी नोंद तिथंच करता येते. फोन हरवला तर तो ब्लॉक करण्याची सोयही याच पोर्टलवर आहे.

सिमला पिन लावणं हे आणखी एक छोटं काम. फोन चोरीला गेल्यावर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी घेत बसतो, ते यानं थांबतं. फोनच्या सिक्युरिटी सेटिंगमध्ये 'सिम लॉक' मिळेल. मूळ पिन कंपनीच्या कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजानं मारू नका. तीनदा चुकला की सिम पीयूके कोड मागतं आणि तो दहादा चुकला तर सिम कायमचं जातं.

ईमेल आपल्या ताब्यात घ्या

खानापूर तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण सांगते. दहावीनंतर स्कॉलरशिपचा अर्ज भरायला ती दुकानात गेली. दुकानदारानं तिचा ईमेल आयडी काढला, रिकव्हरीसाठी स्वतःचा नंबर घातला आणि पासवर्ड ठेवला तिचं नाव, पुढं ॲटचं चिन्ह आणि १२३. अर्जाच्या पावतीमागं पेनानं तो लिहूनही दिला. पदवीला गेल्यावर कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या यूयूसीएमएस पोर्टलवरची नोंदणी, परीक्षेचा फॉर्म, डिजिलॉकर, सगळं त्याच ईमेलवर झालं. पुढं नवा फोन घेतला आणि लॉगिन करायला गेली, तर कोड दुकानदाराच्या नंबरवर. दुकान बंद होऊन तो माणूस गोव्याला गेलेला. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत तोंडावर आणि मुलगी नंबर शोधत गावभर फिरतेय. कुणीही फसवलं नव्हतं, तरी खातं तिचं नव्हतंच.

तुमच्या घरात असं एखादं खातं असेल, तर ते अजून उघडतंय तोवर पुढची कामं याच क्रमानं करा. जीमेल ॲपमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून 'मॅनेज युवर गुगल अकाउंट' उघडा आणि सिक्युरिटीमध्ये जा. पहिल्यांदा रिकव्हरी फोन बदला, स्वतःचा घाला. रिकव्हरी ईमेल घरातल्या विश्वासाच्या माणसाचा द्या. मग पासवर्ड बदला. त्यानंतर 'युवर डिव्हाइसेस' उघडून ओळखीचा नसेल तो प्रत्येक फोन आणि कॉम्प्युटर साइन आउट करा. जमलं तर एकदा कॉम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंगमधलं 'फॉरवर्डिंग' बघा. तुमची पत्रं दुसऱ्या कुठल्या पत्त्यावर परस्पर जात असतील तर ती तिथं दिसतात, आणि पासवर्ड बदलला तरी ते फॉरवर्डिंग आपोआप थांबत नाही. रिकव्हरी फोन बदलला तरी गुगल सात दिवसांपर्यंत जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं, त्यामुळं आठवडाभर खात्यावर लक्ष ठेवा.

दोन वर्षं कुठल्याच कामासाठी न वापरलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं, हेही ध्यानात असू द्या. मुलांची प्रमाणपत्रं ज्या ईमेलशी जोडलीत, तो अधूनमधून उघडायलाच हवा.

दुकानात बसल्यावर

सेवा केंद्रवाले आणि झेरॉक्सवाले नसते तर आपल्या तालुक्यांत निम्मे अर्ज भरलेच गेले नसते. पोर्टल कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत, आपलं शिक्षण मराठीत. त्यांची मदत जरूर घ्या, पण पासवर्डच्या रकान्याशी आलं की कीबोर्ड आपल्याकडं ओढा आणि स्वतः टाइप करा. यात कुणाचा अपमान होत नाही. ओटीपी मोठ्यानं वाचून दाखवण्याऐवजी तोही स्वतः भरा. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं ब्राउझर विचारेल, तिथं 'नेव्हर' दाबा. उठण्यापूर्वी लॉगआउट. प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर आपल्या फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मधून ते बंद करा. आधारची पीडीएफ दुकानाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहते, ती डिलीट करायला सांगा. चालत असेल तिथं पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

मेसेज कन्नडमध्ये आला म्हणून फोन शेजारच्याच्या हातात देण्याची सवय आपल्याकडं फार आहे. आमच्या महिला मंडळातल्या कितीतरी जणी बँकेचा मेसेज बसस्टँडवर कुणालाही दाखवतात. ज्या बँकेत सोय आहे तिथं मेसेजची भाषा बदलून घ्या, पोर्टलवर इंग्रजीचा पर्याय निवडा. मेसेज समजूनच घ्यायचा असेल तर घरातल्या शाळकरी पोराला विचारा. त्याला कन्नड वाचता येतंच.

पासवर्ड कसा ठेवावा

गावाचं नाव, कुलदैवत, मुलीचं नाव, जन्मसाल, गाडीचा केए २२ किंवा केए २३ पासून सुरू होणारा नंबर, महाराजांचा जयजयकार आणि पुढं १२३. आपल्या भागातले निम्मे पासवर्ड यांतूनच बनत असावेत. गाडीचा नंबर गाडीवर लिहिलेला असतो आणि बाकीचं सगळं फेसबुकवर. जे आपल्याबद्दल कुणालाही माहीत असतं ते पासवर्डमध्ये येता कामा नये.

अक्षरं किती, याला महत्त्व सगळ्यात जास्त. इंग्रजीच्या २६ लहान अक्षरांतून आठ अक्षरी पासवर्ड केला तर सुमारे २०,८८३ कोटी जुळण्या होतात. ऐकायला प्रचंड, पण चोरलेल्या माहितीवर सेकंदाला १०० कोटी अंदाज मारणाऱ्या यंत्राला त्या सगळ्या तपासायला साडेतीन मिनिटं पुरतात. तेच बारा अक्षरं केली तर त्याच यंत्राला तीन वर्षं लागतात, आणि पुढच्या प्रत्येक अक्षराला हा काळ २६ पटींनी वाढतो. शेवटी उद्गारचिन्ह जोडण्यापेक्षा दोनचार अक्षरं वाढवणं कधीही चांगलं.

लांब आणि तरीही लक्षात राहील असा पासवर्ड करण्याची सोपी रीत अशी. वर्तमानपत्र घ्या, डोळे मिटून चार-पाच ठिकाणी बोट ठेवा आणि बोटाखाली आलेले शब्द क्रमानं लिहा. एकमेकांशी काही संबंध नसलेले, समजा 'कुदळ, तिकीट, सावत्र, धुकं' असे. ते इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करा. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते, तीच कायम ठेवा. देवनागरीत पासवर्ड ठेवू नका, कारण पुष्कळ साइट्स तो घेत नाहीत आणि दुसऱ्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड नसला की पंचाईत होते. म्हण, अभंगाची ओळ, गाण्याचा मुखडा घेऊ नका. प्रसिद्ध ओळी चोरांच्याही याद्यांत असतात. आणि वरचे चार शब्द आता या लेखात छापले गेलेत, तेव्हा ते सोडून द्या.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलावा असं अजून शिकवलं जातं. ही सूचना अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकं ठरवणाऱ्या संस्थेत २००३ साली दस्तऐवज लिहिणाऱ्या बिल बर यांच्यापासून जगभर पसरली. त्यांनीच २०१७ मध्ये तिच्याबद्दल खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी निस्टनं सक्तीनं वारंवार पासवर्ड बदलायला लावू नका असं सांगितलं. कारण सरळ आहे. सारखा बदलायला लावला की माणूस शेवटचा १ काढून २ करतो. पासवर्ड फुटल्याचा संशय आला, कुणाला सांगितला गेला किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप झाला, तर मात्र त्याच दिवशी बदला.

एक पासवर्ड एकाच खात्याला. कुठल्या तरी साडी विकणाऱ्या साइटची माहिती फुटते, चोर तोच ईमेल आणि तोच पासवर्ड घेऊन जीमेलवर, फेसबुकवर, बँकेवर लावून बघतात. पुष्कळ खाती अशीच जातात. आपला ईमेल कुठल्या चोरीत सापडलाय का हे सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या, २०१३ पासून चालणाऱ्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर फुकट बघता येतं.

आता प्रत्येकाला वेगळा म्हणजे लक्षात कसे ठेवायचे? ठेवायचेच नाहीत. फोनवर सराईत असाल तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, वापरा. अँड्रॉइडमध्ये गुगलचा असतोच, आयफोनमध्ये ॲपलचा. बिटवॉर्डन फुकट मिळतो आणि फोन-कॉम्प्युटर दोन्हींवर चालतो. मग तोंडपाठ दोनच लागतात, मॅनेजरचा आणि ईमेलचा. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी सरळ वहीत लिहावं. रशियातल्या चोराला वडगावातल्या कपाटापर्यंत पोचता येत नाही. वही रेशनकार्ड आणि उताऱ्यांसोबत कुलपात ठेवायची. तिचा फोटो काढायचा नाही, ती घेऊन बाजारात जायचं नाही आणि बँकेचा पिन तिच्यात लिहायचा नाही. फोनच्या कव्हरमागं चिठ्ठी ठेवणं मात्र अजिबात नको. एटीएम कार्डाच्या पाकिटात पिन लिहिणारेही मी पाहिलेत.

दुसरं कुलूप

पासवर्ड फुटला तरी खातं वाचावं यासाठी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड. ईमेलला ते आजच लावा, नंतर फेसबुक आणि इन्स्टाग्रामला. कोड एसएमएसवर घेता येतो किंवा फोनवरच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवर. माझं मत ॲपच्या बाजूनं आहे, कारण ते रेंज नसली तरी चालतं. जांबोटीच्या, कणकुंबीच्या घाटात ज्यांचं घर आहे त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. गुगल दहा बॅकअप कोडही देतं, प्रत्येक आठ आकड्यांचा आणि एकदाच चालणारा. ते कागदावर उतरवून त्याच कुलपात ठेवा. फोन हरवल्यावर हाच कागद कामाला येतो.

पासकीचा पर्याय दिसला तर घ्या. फोन उघडताना लावता तेच बोट किंवा पिन लावून लॉगिन होतं, टाइप काहीच करावं लागत नाही, त्यामुळं खोट्या साइटला द्यायला आपल्याकडं काही उरतच नाही.

व्हॉट्सॲपसाठी सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन असं जाऊन सहा आकडी पिन ठेवा आणि सोबत ईमेल द्या. 'चुकून तुझ्या नंबरवर माझा कोड आलाय, पाठव' असा मेसेज मामाच्या नंबरवरून आला तरी पाठवू नका. मामाचं खातं आधीच गेलेलं असतं आणि पुढचं तुमचं असतं. कुरियरवाला म्हणून कुणी स्टार-४०१ नं सुरू होणारा नंबर डायल करायला सांगितला तर तुमचे कॉल त्याच्याकडं वळतात आणि फोनवर येणारा कोड त्याला ऐकू जातो. अशा कोडनं होणारं कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून बंद करण्याचे आदेश दूरसंचार विभागानं कंपन्यांना दिले होते, तरी शंका असेल तर ##००२# डायल करा. सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं.

ग्रुपवर लग्नपत्रिका किंवा आरटीओचं चलान म्हणून एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी, फाइल येते. पत्रिका कधीच एपीके नसते. ती इन्स्टॉल केली की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपीसुद्धा, चोराकडं जायला लागतात.

बँकेची लिंक उघडण्यापूर्वी पत्त्याचा शेवट बघा. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. आणि यूपीआयचा पिन पैसे घेण्यासाठी कधीच लागत नाही. गृहलक्ष्मीचे २,००० रुपये जमा करायला कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

अंगठा

पासवर्ड बदलता येतो, अंगठ्याचा ठसा बदलता येत नाही, आणि आधारच्या साहाय्यानं अंगठ्यावर बँकेतून पैसे निघतात. म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमधून किंवा यूआयडीएआय या आधार देणाऱ्या संस्थेच्या साइटवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशनला अंगठा लागतो, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी ते तात्पुरतं उघडावं लागेल. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आजी रांगेतून रिकामी परत येईल. यासाठी आधारला जोडलेला नंबर आपल्या हातात हवा, म्हणून पहिल्या वहीतलं ते काम टाळू नका.

फौजेत किंवा परगावी असलेल्यांनी घरच्यांना आपला पिन देऊन जाण्यापेक्षा बायकोच्या नावानं वेगळं किंवा जोडखातं काढावं, तिचा नंबर तिच्याच फोनवर ठेवावा. मुख्य ईमेलचा पासवर्ड बंद लिफाफ्यात घरी ठेवला तर अडीअडचणीला उपयोगी पडतो.

पैसे गेलेच तर

पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढं काढली जाण्यापूर्वी अडवता येण्याची शक्यता जास्त. हाताशी ठेवा: खाते क्रमांक, रक्कम, वेळ, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक आणि समोरच्याचा नंबर. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. चॅट डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट काढा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची असेल आणि मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तोटा तुमच्या अंगावर येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून लाजेपोटी दोन दिवस गप्प बसणं महागात पडतं. बँकेकडून तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

पोलिसांत जायचं तर कर्नाटकात प्रत्येक जिल्ह्यात सीईएन, म्हणजे सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांचं, ठाणं आहे. बँक कोल्हापूरची आणि राहणं चिक्कोडीचं असलं तरी 'तिकडं जा' म्हणून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडला तरी जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. तोंडी सांगितलेलं पोलिसांनी लिहून घ्यायचं आणि तुम्हाला वाचून दाखवायचं असतं. तक्रार कन्नडमध्ये लिहिली जाईल, म्हणून कन्नड वाचणारं घरचं माणूस सोबत न्या, रक्कम, तारीख आणि नंबर नीट उतरलेत का ते तपासा आणि मगच सही करा. एफआयआर नोंदवली गेली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.